भिंत आधी वाळू द्या: घरातली एक खोली स्वतः रंगवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातली 18 वर्षं जुनी इमारत, 10 बाय 12 ची बेडरूम, भिंतींवर जुना डिस्टेंपर, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला खालच्या बाजूला पोपडे. दिवाळीआधी तुम्हा नवरा-बायकोला ही खोली स्वतः रंगवायची आहे. एका रंगाऱ्याने सांगितलं की सगळ्या भिंतींना नव्याने पुट्टी, म्हणजे भिंत सपाट करणारी भरणी, करावीच लागेल. दुसरा म्हणाला, थेट रंग मारा, काही होत नाही. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही नाही. आधी भिंतीचं ऐका. मी 27 वर्षं रंगकाम करतोय. त्याआधी वडिलांबरोबर चुन्याच्या बादल्या उचलायचो. दसरा जवळ आला की कळीचा चुना पिंपात भिजत घालायचा, त्यात डिंकाचं पाणी आणि थोडी नीळ मिसळायची, आणि घरोघरी भिंतींना चुन्याचे हात देत सुटायचं. तेव्हापासून आजपर्यंत मी जेवढं वाया गेलेलं रंगकाम पाहिलं, त्यातलं बहुतेक रंग वाईट होता म्हणून वाया गेलेलं नाही. खालचा थर ओला होता, भुसभुशीत होता किंवा धुळीने माखलेला होता, म्हणून गेलं.

तुम्ही हे काम करू शकता, आणि एका बाबतीत आमच्यापेक्षा चांगलं करू शकता. ठेक्यावर काम करणाऱ्या माणसाला पुढचं घर गाठायचं असतं. रोजंदारी चालू असते, घरमालक तारीख विचारत असतो. पुट्टी पुरती वाळायच्या आत प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), प्रायमर वाळायच्या आत रंग, असं होतं. तुमच्यामागे ही घाई नाही. एक थर देऊन दार लोटून तुम्ही कामावर जाऊ शकता. हा मोठा फायदा आहे, तो दिवाळीच्या तारखेपायी घालवू नका.

आधी भिंतीवर काय आहे ते ओळखा. तळहात जोरात घासा. हाताला पांढरी पूड लागली तर चुना किंवा भुकटी झालेला साधा डिस्टेंपर आहे. मग ओल्या स्पंजने एक वीतभर जागा दोन मिनिटं भिजवून चोळा. रंग विरघळून स्पंजवर आला तर तो थर काढावाच लागेल. त्यावर कितीही महागडा इमल्शन (पाण्यात कालवायचा प्लास्टिक पेंट) मारला तरी इमल्शन वाळताना आक्रसतो आणि खालच्या कच्च्या थराला ओढून सोबत घेऊन सुटतो. स्पंज स्वच्छ राहिला तर अजून एक परीक्षा करा. ब्लेडने रंगावर फुलीच्या आकाराची बारीक चीर द्या, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे तुकडे आले नाहीत तर तो थर मजबूत आहे. तो खरवडण्यात वेळ घालवू नका, नुसता घासून निस्तेज करा आणि प्रायमर द्या. ही परीक्षा चारही भिंतींवर, वर आणि खाली, वेगवेगळ्या ठिकाणी करा. एकाच खोलीत दोन वेगळे निकाल येणं अगदी नेहमीचं आहे.

दोन्ही रंगारी अर्धवट बरोबर का होते, ते इथे कळेल. जिथे थर पक्का आहे तिथे सगळ्या भिंतीला पुट्टी म्हणजे पैसे आणि धूळ दोन्ही फुकट. आणि जिथे थर सुटतोय तिथे थेट रंग म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतचीच सोय.

आता त्या बाथरूमच्या भिंतीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या खोलीचं खरं काम तेच आहे.

पोपडे खरवडून खालचं प्लास्टर उघडं करा. तिथे मिठासारखी पांढरी पूड दिसली तर तो लोणा. भिंतीतलं पाणी बाहेर येताना विटा आणि सिमेंटमधले क्षार सोबत आणतं, पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर राहतात आणि त्यांचे खडे वाढताना रंगाला मागून ढकलतात. म्हणजे पोपडा हे दुखणं नाही, दुखण्याची खूण आहे. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा त्या जागी चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीतच दमटपणा आहे, खिडकी उघडी ठेवून आणि पंखा लावून तो बराच कमी होतो.

भिंतीतूनच येत असेल तर कुठून? बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांतून पाणी झिरपत असेल, न्हाणीच्या ट्रॅपच्या (सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) कडेने येत असेल किंवा भिंतीतल्या पाइपला गळती असेल. चार-पाच दिवस गावाला जाऊन आल्यावर डाग फिका पडला तर बहुधा सांधे किंवा ट्रॅप, कारण आंघोळ थांबली की पाणी थांबतं. डाग तसाच ओला राहिला तर पाइपवर संशय घ्या आणि प्लंबर बोलवा. मात्र घराबाहेर पडताना मुख्य व्हॉल्व्ह बंद केलात तर या परीक्षेला अर्थ उरत नाही. सांध्यांचं काम तुम्हीही करू शकता: जुनं भरण टोकदार अवजाराने उकरून, सांधे दोन दिवस वाळवून, इपॉक्सीचं भरण भरायचं.

आतल्या बाजूने ओलप्रतिबंधक थर लावून मोकळं होऊ नका. गळती चालू असताना पाणी त्या थराच्या मागे वाट शोधत वर चढतं आणि दोन फुटांवर नवा पोपडा येतो. मी हे पाहिलं आहे आणि एकदा केलंही आहे. गिऱ्हाइकाने दिवाळीची तारीख दिली होती, मी चार दिवसांपूर्वी भरलेल्या प्लास्टरवर पुट्टी ओढली, वर दोन हात, म्हणजे दोन थर, रंग दिला. लक्ष्मीपूजनाला भिंत आरशासारखी होती. जानेवारीत त्यांनी मला बोलावून दाखवलं तेव्हा हाताच्या पंजाएवढे पापुद्रे लोंबत होते. सगळं खरवडून पुन्हा केलं, माझ्या खर्चाने. त्यानंतर ओल्या भिंतीला मी तारखेपायी हात लावलेला नाही.

गळती बंद केल्यावर उघडं प्लास्टर निदान दोन-तीन आठवडे वाळू द्या. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, नाहीतर क्षार विरघळून परत आत जातात. तीन-चार दिवसांनी पुन्हा झाडा. झाडून येईनासा झाला आणि प्लास्टिकची परीक्षा कोरडी निघाली की मगच पुढे. दिवाळी त्याआधी आली तर बाकीच्या तीन भिंती आणि छत रंगवून घ्या, ही एक भिंत नंतर करा. तिच्यापुढे कपाट सरकवून झाकू मात्र नका, तिला हवा हवी आहे. नव्या प्लास्टरचंही तसंच. थोडं प्लास्टर नव्याने केलं असेल तर त्याला किमान 28 दिवस द्या.

कोकणातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. जांभ्या चिऱ्याच्या जुन्या घरांना, ज्यांना चुन्याचा किंवा मातीचा गिलावा आहे, पुट्टी आणि इमल्शन लावू नका. त्या भिंती पावसाळ्यात ओल पितात आणि उन्हाळ्यात सोडतात. चुना त्यांना श्वास घेऊ देतो. प्लास्टिकचा थर ती वाट अडवतो आणि मग गिलावाच सुटून येतो. आपल्या आज्या दरवर्षी भिंतींना चुना द्यायच्या त्यामागे हिशेब होता.

कोपऱ्यांत काळे ठिपके असतील तर ती बुरशी. नुसता रंग मारला तर ती त्यातून वर येते. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून ते पाणी लावा, अर्ध्या तासाने घासून धुवा, पूर्ण वाळू द्या. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीचिंगसोबत ॲसिड किंवा संडास साफ करायचं कोणतंही द्रव्य कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो छातीला घातक आहे.

आता भरणी. दुकानात पुट्टी मागितली की 40 किलोची पांढऱ्या सिमेंटची गोणी पुढे येते. ती उघड्या प्लास्टरसाठी उत्तम, पण जुन्या रंगावर तिची पकड बसत नाही, कारण सिमेंटला धरायला खरखरीत आणि पाणी शोषणारी जागा लागते. तुमच्यासारख्या ठिगळांच्या कामाला तयार मिळणारी ॲक्रिलिक पुट्टी घ्या. जिथे प्लास्टर उघडं पडलंय आणि जागा मोठी आहे तिथे सिमेंटची पुट्टी वापरा, आधी भिंतीवर पाण्याचा हलका शिडकावा करून. ती पाण्याशी संयोग होऊनच घट्ट होते. रखरखीत भिंतीने तिचं पाणी पिऊन टाकलं तर ती कच्ची राहते आणि बोटाने भुकटी निघते. कालवताना पाण्यात पुट्टी टाका, पुट्टीत पाणी नाही, आणि घट्ट श्रीखंडासारखी होईपर्यंत घोटा. दोन तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट होऊ लागलेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून वापरणं ही मोठी चूक आहे.

पत्रा (पुट्टी ओढायचं पातळ पातं) भिंतीला साधारण 45 अंशात धरून खालून वर ओढा. जाड थर एकदम देण्यापेक्षा दीड मिलिमीटरच्या आतले दोन थर द्या. पहिला थर भेगा भरतो, दुसरा सपाटी आणतो. केसासारख्या बारीक भेगांवर वरून पुट्टी फिरवली तर सहा महिन्यांत भेग परत दिसते. पत्र्याच्या टोकाने भेग आधी खोबणीसारखी रुंद करा, धूळ झाडा, मग भरा. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली उभी भेग नेहमी परत येते, कारण दोन्ही उन्हाने वेगवेगळ्या फुगतात. तिथे भरणीवर फायबरची जाळीची पट्टी बसवा आणि वरून पातळ थर द्या.

घासाई संध्याकाळी करा. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा. दिवसा सपाट वाटणाऱ्या भिंतीतले खड्डे आणि उंचवटे सावलीने उठून दिसतात. पेन्सिलने गोल करा, पुन्हा भरा. खडबडीत जागेला 120 नंबरचा पॉलिश पेपर, नंतर 180, शेवटी 220 पुरे. लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घासा, नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांचेच खड्डे पडतात. तोंडाला एन-95 मास्क हवाच, रुमाल चालणार नाही. आणि घासून झाल्यावर धूळ! कोरड्या ब्रशने वरून खाली झाडा, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग तळहात फिरवून बघा. ही पूड राहिली तर प्रायमर भिंतीला न चिकटता पुडीला चिकटतो. माझ्या अनुभवात ओलीच्या खालोखाल रंग सुटण्याचं कारण हेच.

दारं-खिडक्यांच्या जुन्या ऑइलपेंटबाबत सावध राहा. आपल्याकडे घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) झाली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. तुमची इमारत त्याआधीची आहे, म्हणजे त्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका. वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) ओला करून घासा, ओल्या फडक्याने पुसा, आणि लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर ते काम चालू असताना त्यांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

सामानाचा हिशेब तुमच्या खोलीवरच करू. चार भिंतींची लांबी 44 फूट, उंची साडेनऊ फूट धरली तर 418 चौरस फूट. दार 21 आणि खिडकी 20 वजा केली की 377 उरतात. चांगला इमल्शन दोन हातांत लिटरमागे साधारण 100 ते 140 चौरस फूट जातो, म्हणजे 4 लिटरचा डबा पुरेल. छत 120 चौरस फूट, त्यासाठी पांढरा दीड लिटर धरा. प्रायमर पाण्याचा, 4 लिटर. पहिल्यांदाच करताय तर मॅट किंवा अगदी कमी चमकेचा इमल्शन घ्या. चमक जितकी जास्त, तितके भिंतीचे दोष उघडे पडतात. शेड कार्डावरच्या चिठ्ठीपेक्षा रंग भिंतीवर गडद दिसतो, कारण चार भिंती एकमेकींवर रंग टाकतात. एक पायरी फिका निवडा. शेडचं नाव नको, कोड लिहून घ्या.

रोलर 9 इंची, चांगल्या दर्जाचा. स्वस्त रोलरचे केस भिंतीत अडकतात आणि मग वाळल्यावर नखाने काढत बसावं लागतं. नव्या रोलरवरून आधी चिकटपट्टी फिरवून सुटे केस काढून टाका. कडेसाठी 2 इंची ब्रश. उंचीसाठी घोडा (दोन बाजूंची उभी राहणारी शिडी) भाड्याने मिळतो, खुर्चीवर स्टूल असले प्रकार करू नका. जमिनीवर प्लास्टिक अंथरू नका, घसरतं. जुन्या चादरी किंवा गोणपाट बरं, रंग शोषून घेतं. स्विचबोर्डाच्या पट्ट्या काढणार असाल तर त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करून, टेस्टरने तपासून मगच.

प्रायमर टाळू नका. पुट्टी टिपकागदासारखी असते. तिच्यावर थेट रंग मारला की ती रंगातलं पाणी क्षणात ओढून घेते, रोलर अडकतो, आणि ठिगळाची प्रत्येक जागा वेगळ्या छटेची दिसते. प्रायमर ही तहान सगळीकडे सारखी करतो. डब्यावर लिहिलं असेल तेवढंच पाणी घाला. तो ताकासारखा पातळ करून उरकायची सवय आमच्याच धंद्यात पडली आहे, तिचं अनुकरण करू नका. प्रायमर वाळल्यावर पुन्हा टॉर्च लावा. राहिलेले खड्डे आता सर्वात स्पष्ट दिसतात. ते भरा, घासा आणि त्या जागांवर प्रायमरचा अजून एक हात द्या.

रंगाचा डबा काठीने तळापासून पाच मिनिटं ढवळा, कारण रंगद्रव्य खाली बसतं. दोन डबे असतील तर एका बादलीत एकत्र करा, तोच कोड असला तरी छटेत किंचित फरक पडू शकतो. पाणी मापाच्या मगाने घाला आणि प्रमाण लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं मिश्रण तसंच होईल. जुन्या नायलॉनच्या ओढणीतून गाळून घ्या.

आधी छत, मग भिंती, शेवटी दारं-खिडक्या. पंखा बंद ठेवा. उकडतं, मान्य आहे, पण वाऱ्याने रंगाची कड लवकर वाळते, आणि वाळलेल्या कडेवर पुढचा पट्टा चढला की तो जोड कायमचा दिसतो. हात देऊन झाला की पंखा लावा, खिडक्या उघडा.

एका वेळी एकच भिंत घ्या. तुम्ही दोघं आहात, हे फार सोयीचं आहे. एकाने ब्रशने छताची कड, कोपरे, चौकटीच्या बाजू दोन-तीन इंच रंगवत पुढे जायचं, दुसऱ्याने ती पट्टी ओली असतानाच रोलर घेऊन मागोमाग यायचं. सगळ्या खोलीच्या कडा आधी करून मग रोलर घेतला तर वाळल्यावर प्रत्येक भिंतीला फोटोफ्रेमसारखी गडद चौकट दिसते. रोलर ट्रेमध्ये बुडवून उतारावर तीन-चार वेळा फिरवा, टपकणार नाही इतपत भरा. तीन फूट रुंदीचा पट्टा धरून आधी तिरकस फिरवत रंग पसरा, मग मोकळी जागा भरा, शेवटी जवळजवळ दाब न देता वरून खाली एकाच दिशेने हलके हात मारून घ्या. पुढचा पट्टा आधीच्या ओल्या कडेवर दोन-चार इंच चढला पाहिजे. आणि एखादी जागा सुटलेली दिसली, पण तोवर रंग ओढला गेला असेल, तर तिथे परत जाऊ नका. अर्धवट वाळलेला रंग रोलरला चिकटून उचलला जातो. दुसऱ्या हातात ती जागा आपोआप भरते. पहिला हात वाळताना डागाळलेला दिसतो, सगळ्यांचाच दिसतो, घाबरून तिसरा थर देऊ नका.

दोन हातांमध्ये चार ते सहा तास. हवा दमट असेल तर रात्रभर जाऊ द्या. तेवढ्या वेळात रोलर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवा, धुवायची गरज नाही. चौकटीच्या कडेला मास्किंग टेप लावली असेल तर ती दुसरा हात किंचित ओला असतानाच 45 अंशात सावकाश ओढा. पूर्ण वाळल्यावर ओढली तर रंगाची कड सोबत फाटून येते. भिंत हाताला कोरडी लागली तरी तो थर आतून पक्का व्हायला आठवडे जातात. तोवर ओल्या फडक्याने पुसू नका आणि फर्निचर टेकवू नका.

दिवसांचं म्हणाल तर तीन कोरड्या भिंती आणि छताला तुम्हा दोघांना सहा दिवस धरा: एक खरवडायला आणि धुवायला, दोन भरणी-घासाईला, एक प्रायमरला, दोन रंगाला. रोज पूर्ण दिवस द्यावा लागणार नाही. चौथी भिंत तिच्या वेळेने.

तिच्यासाठी लागणारा रंग, सुमारे एक लिटर, पाणी न घालता वेगळा काढून ठेवा. त्याशिवाय पावभर रंग लोणच्याच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा, वर शेड कोड आणि तारीख लिहा. खिळा काढल्यावर किंवा कपाट सरकवताना भिंतीला खरचटलं की तोच रंग लागतो.